वैमानिकांच्या दंडावरचे बिल्ले

कारखाना बंद झाला की मशीन विकली जातात, दोऱ्याचे कोन कोणीतरी किलोवर घेऊन जातो, टेबलं-खुर्च्या नातेवाईक नेतात. किस्से मात्र कोणी नेत नाही. ते तिथे काम केलेल्यांच्या घरी येऊन राहतात आणि पाहुणे आले, चहा टाकला की एकेक करून बाहेर निघतात. माझ्याकडे असे पुष्कळ साठलेत. आमचे हे तर म्हणतात, "हिला कारखान्याने पगार कमी आणि गोष्टीच जास्त दिल्या."

तर आमचा कारखाना भिवंडीत होता. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचा. मालक रफीकभाई. सगळ्या भिवंडीने कापड विणायचे लूम टाकले तेव्हा या माणसाने भरतकामाचं मशीन आणलं, म्हणून त्यांचे भाऊ त्यांना थोडे वेडेच समजायचे. मी खारबावहून यायची. माझं काम पंचिंगचं, म्हणजे कागदावरचं चित्र कॉम्प्युटरवर टाके-टाके करून मांडायचं, मग मशीन ते शिवणार. ड्रेसचे गळे, साड्यांचे काठ, शाळेचे बिल्ले असं आमचं चाललेलं होतं.

आणि एक दिवस सार्जंटकाका आले. भोईर त्यांचं आडनाव. आमच्याच गावचे, हवाई दलातून रिटायर झालेले. त्यांनी खिशातून एक गोल कापडी बिल्ला काढला आणि असले करून देता येतील का, असं विचारलं. ते पूर्वी ज्या तळावर होते तिथल्या कोणीतरी त्यांना गळ घातली होती. बिल्ल्यावर मधोमध एक पक्षी, वर आकडा, खाली फितीसारख्या पट्टीवर संस्कृत अक्षरं.

रफीकभाईंनी चहा पिता पिताच तो हातात घेतला, उलटा करून मागची शिलाई बघितली आणि विचारलं, "कौनसे स्कूल का है?"

काका म्हणाले, "या शालेची पोरं कधीमधी पॅराशूटनं घरी येतात, शेठ."

रफीकभाईंनी कप खाली ठेवला, हात कुर्त्याला पुसले आणि बिल्ला पुन्हा नीट, दोन्ही हातांनी उचलला.

*

त्या दिवशी काकांनी आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. प्रत्येक स्क्वाड्रनचा आपला बिल्ला असतो. कोणाचा पक्षी, कोणाचं जनावर, कोणाचं हत्यार. तो वरून मंजूर होऊन आलेला असतो. शेपटीचं एक पीससुद्धा आपल्या मनाने वाढवायचं नाही. वैमानिक तो उड्डाणाच्या पोशाखावर लावतात, दंडावर नाहीतर छातीवर, आणि बदली झाली की जुना उतरवून नवीन लावतात. जुना फेकत मात्र कोणीच नाही.

पहिली ऑर्डर होती खंड्याची. तोच तो, मासे मारणारा निळा पक्षी. मी जीव ओतून पंचिंग केलं. निळ्याच्या तीन छटा घेतल्या, छातीला पांढरा, पोटाला तपकिरी, चोचीला तांबडा. दोरा दाट टाकला, म्हणजे चमक यावी. नमुना निघाला तेव्हा कारखान्यातल्या सगळ्यांनी वाहवा केली. आम्ही तो कुरिअरने पाठवला.

मग तिकडून एका तरुण ऑफिसरचा फोन आला. आवाज फार अदबीचा. आधी त्याने रंगांचं कौतुक केलं, शिलाईचं कौतुक केलं, मग थोडं थांबून म्हणाला, "मॅडम, फक्त एक आहे. आमचा खंड्या उपाशी असतो. तुमचा जेवून बसलाय."

मी स्क्रीनवर पुन्हा बघितलं. खरंच होतं. दाट दोऱ्याने पोट असं फुगलं होतं की हा पक्षी आता कुठे झेपावणार नाही, वामकुक्षीच घेणार. मला राग आला होता, पण हसूही येत होतं. त्या आठवड्यात मी खारबावला खाडीच्या बाजूला जाऊन बसायचे. तारेवर खंड्या असायचाच. खाली पाणी बघत तो मान आखडून घेई, सगळं अंग डोक्याकडे गोळा होई आणि मग एकदम सुटे. मी तो सुटायच्या आधीचा क्षण धरला. पोटाचे टाके काढले, मानेत घातले.

दुसरा नमुना पोचल्यावर त्याच ऑफिसरचा फोन आला. या वेळी कौतुक वगैरे काही नाही. म्हणाला, "हां, याला भूक लागलीय." आणि ऑर्डर पक्की केली.

*

गव्याचा किस्सा रफीकभाईंचा. त्यांना वाटायचं की आपल्यालाही डिझाईनमधलं कळतं. एका स्क्वाड्रनचा गवा होता, शिंगं रोखून चालून येणारा. मी दोन आठवडे सुट्टीवर होते. रफीकभाईंनी मशीनवर बसून बघितलं तर त्यांच्या मते गवा दुसऱ्या बाजूला तोंड केलेला जास्त शोभत होता. त्यांनी एक बटण दाबून चित्र उलटं केलं, नमुना पाठवला, तिकडून होकार आला, आणि अख्खा लॉट शिवून रवाना केला.

मी परत आले त्याच दिवशी सार्जंटकाकाही आले होते. त्यांनी टेबलावर राहिलेला एक बिल्ला उचलला आणि कपाळाला हात लावला. दंडावर लावलेल्या जनावराचं तोंड नेहमी पुढे पाहिजे, जिकडे माणूस चाललाय तिकडे. विमानावर रंगवतानासुद्धा डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला उलटा असं रंगवतात, म्हणजे दोन्हीकडून तोंड नाकाकडेच राहतं. "मागं तोंड केल्याला म्हंजे पलून जानारा," काका म्हणाले. "ह्यांचा अख्खा स्क्वाड्रन तू पलवलास शेठ."

तेवढ्यात फोन वाजला आणि तो त्या स्क्वाड्रनच्या सीओ साहेबांचाच, म्हणजे तिथल्या मुख्य ऑफिसरचाच निघाला. रफीकभाई खुर्चीतून उठून उभे राहिले. फोनवर बोलतानाही उभेच. साहब, गलती हो गई, सब वापस भेज दीजिए, आम्ही पुन्हा करून देतो, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी विचारलं, उलटे गवे तुमच्याकडे अजून किती शिल्लक आहेत? एकच, असं रफीकभाईंनी सांगितलं.

"तोही पाठवा," साहेब म्हणाले, "आणि सुलटे नवीन करा. पण उलटे परत मागू नका."

पुढे कळलं ते असं. त्या स्क्वाड्रनमध्ये नवी प्रथाच सुरू झाली होती. आठवड्यात ज्याने सगळ्यात मोठी चूक केली, त्याने मेसमधल्या जेवणाला उलटा गवा लावून बसायचं. आणि पहिल्या आठवड्यात तो खुद्द सीओ साहेबांच्या दंडावर होता, कारण आमचा नमुना न बघता त्यावर सही त्यांनीच केली होती.

*

एका ठिकाणाहून तक्रार आली की बिल्ले लवकर खिळखिळे होतात, कडेची शिलाई सुटते. रफीकभाईंना शिलाईवर बोट ठेवलेलं सहन होत नसे. त्यांनी दोरा बदलला, सुई बदलली, तरी तक्रार तीच. शेवटी सार्जंटकाकांनी फोन लावून तिकडच्या एका जुन्या ओळखीच्याला विचारलं की बाबा, तुम्ही हा लावता कसा?

उत्तर ऐकून काका बराच वेळ हसत होते. नवीन वैमानिक रुजू झाला की त्याच्या दंडावर बिल्ला ठेवतात आणि सीओपासून शेवटच्या माणसापर्यंत सगळे रांगेने येऊन त्यावर एकेक बुक्की मारतात. बिल्ला पक्का बसावा म्हणून. बसतो पोरगा, आणि उसवतो आमचा दोरा.

रफीकभाई म्हणाले, "हमारा धागा उड़ने के लिए है, कुश्ती के लिए नहीं." पण त्या दिवसापासून त्या स्क्वाड्रनच्या बिल्ल्याला कडेने दुहेरी शिलाई सुरू झाली. ऑर्डर आली की ते मशीनवाल्याला आवर्जून सांगत, "डबल मारना, नया लड़का आया होगा."

*

बिल्ल्याखालच्या ब्रीदवाक्यांचं रफीकभाईंना भारी आकर्षण होतं. संस्कृत त्यांना येत नव्हतं आणि मला तरी कुठे येत होतं. शाळेत होतं तेवढंच. एका हेलिकॉप्टर युनिटचं चार शब्दांचं वाक्य होतं, त्यातला पहिला शब्द आम्हा दोघांनाही कळेना. मग तिथलं कोणी माल न्यायला आलं की रफीकभाई आधी चहा देत आणि मग अर्थ विचारत.

पहिला आला त्याने सांगितलं, संकटाला घाबरायचं नाही असा अर्थ आहे. दुसरा म्हणाला, कुठेही असू, वेळेवर पोचायचं. तिसरा पावसाळ्यात आला होता, पुरातल्या ड्युटीवरून, डोळे तांबारलेले. त्याने बिल्ला हातात धरून बराच वेळ बघितला, जणू पहिल्यांदाच वाचतोय. मग म्हणाला, "चाचा, जितने बिठाए, उतने वापस लाने हैं. बस."

तो गेल्यावर मी म्हटलं, रफीकभाई, तिघांचे तीन अर्थ झाले, आता कोणाला तरी शिक्षकाला विचारू या. रफीकभाईंनी मान हलवली. "नको बेटा," ते म्हणाले. "तिसरावाला रहने दे."

*

आता सारसाचा. हा मी अजून कोणालाच सांगितलेला नाही, कारण तशी विनंतीच होती.

तीन म्हातारे ऑफिसर आणि त्यातल्या एकाची बायको असे चौघे आमच्याकडे आले. गुडघ्यांसाठी अकलोलीच्या गरम कुंडांवर आले होते आणि परत जाताना भिवंडीत थांबले. त्यांचा स्क्वाड्रन कधीच मोडला होता. विमानं जुनी झाली, उडेनाशी झाली, की स्क्वाड्रनचा आकडाही मिटून ठेवतात म्हणे, पुन्हा कधी विमानं आली तर तोच आकडा उघडतात. यांचा अजून उघडला नव्हता. जुन्या मित्रांचं संमेलन होतं, त्यासाठी त्यांना सगळ्यांपुरते बिल्ले हवे होते. नमुना कोणाकडेच धड नव्हता. एकाकडे होता तो उंदरांनी कुरतडलेला.

मी स्क्रीनवर काढायला बसले. सारस पक्षी, पंख पसरलेले, यावर एकमत. पाय खाली की मागे, यावर थोडं भांडण होऊन मागे ठरले. मग चोच. एक म्हणाले बंद, दुसरे म्हणाले उघडी, आणि तिसरे तर चिडलेच. ते सर्वांत वरच्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. उघडी म्हणजे उघडीच, ते म्हणाले, सारस शत्रूला ललकारतो आहे. स्क्वाड्रनच्या इतिहासात तसं लिहिलंय. नवीन पोरं आली की त्यांना पहिली गोष्ट ही सांगायची, की बाबांनो, आपला पक्षी गप्प बसून हल्ला करत नाही, आधी ललकारतो आणि मग जातो.

त्यांच्या पत्नी इतका वेळ आमच्या मशीनचे टाके बघत उभ्या होत्या. वळून म्हणाल्या, चोच उघडीच होती. पण ललकारी वगैरे काही नाही.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्या सांगू लागल्या. स्क्वाड्रन नवा उभा राहिला तेव्हा बिल्ला कसा असावा ते ठरत होतं, आणि मंजुरीला पाठवायचा पहिला नमुना त्यांनी क्वार्टरमध्ये बसून हाताने भरला होता. सारसाची चोच बंदच काढलेली होती. वरचा भाग झाला, खालचा भरायला घेतला आणि पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. त्या तशाच उठल्या, हाताला हिसका बसला आणि टाका खाली ओढला गेला. परत येऊन बघतात तर चोच उघडलेली. उसवायला वेळ नव्हता, न्यायला शिपाई दारात उभा होता. तसाच गेला आणि तसाच मंजूर होऊन आला.

"मी सांगणार होते," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पण तोवर तुम्ही ललकारी सुरू केली होती."

सार्जंटकाकाही त्या दिवशी आले होते आणि ऑफिसरांसमोर सवयीने भिंतीशी ताठ उभे होते, त्यांनी हसू लपवायला तोंड फिरवून घेतलं. मग ज्यांनी चोच बंद होती असं सांगितलं होतं, ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, हे संमेलनात काढू नका. या ललकारीवर यांनी फार भाषणं केलीत."

चोच आम्ही उघडीच शिवली.

*

आणि एक शुक्रवारचा. शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद असतात, त्यामुळे गल्लीत एवढी शांतता की बोललेलं दूरवर ऐकू जातं.

दुपारी एक नवराबायको आले. आमच्याच तालुक्यातले, आतल्या गावचे, भातशेतीवाले. बाईंच्या हातात कापडी पिशवी. पुरुष दारातच थांबले. रफीकभाईंनी खुर्ची पुढे केली, मी पाणी दिलं, पण त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि बाहेर गल्लीकडे तोंड करून उभे राहिले. जे काही बोलल्या त्या बाईच.

त्यांचा मुलगा हेलिकॉप्टर चालवायचा. डोंगरात ते कोसळलं आणि तो गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. ज्या कपड्यांत गेला ते काही त्यांनी बघितले नाहीत. त्याची पेटी घरी आली, तिच्यात उड्डाणाचा दुसरा पोशाख होता, धुऊन घडी घातलेला. तो त्यांनी पिशवीतून काढून माझ्या टेबलावर पसरला. हिरवट रंगाचा, गळ्यापासून पायापर्यंत एकसंध. उजव्या दंडावर बिल्ला चिकटवायची वेल्क्रोची खरखरीत पट्टी होती, आणि ती रिकामी होती.

"बिल्ला त्याच्या अंगावर व्हता तो गेला," त्या म्हणाल्या. "एकच लावायचा, या कपड्यावरनं त्या कपड्यावर. ही जागा अशी उघडी बघवत न्हाय."

त्यांच्या मुलाच्या युनिटमधून कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की हे बिल्ले तुमच्या भिवंडीतच होतात. बाईंनी युनिटचं नाव सांगितलं आणि मी बिल्ला ओळखला. घार होती. पायात दोर धरलेली घार, खाली अडकलेल्यांना वर ओढून घेणारी. फळीवर त्यातले थोडे शिल्लक होते. रफीकभाईंनी ते सगळे उतरवले, उजेडात धरून एकेक बघितला आणि त्यातला एक मला दिला.

मी पोशाख सारखा केला, बाही ताणून घेतली. पट्टीच्या बरोबर मधे बिल्ला ठेवला, घारीचं तोंड पुढे, आकडा सरळ वर. सवयीने चारी बाजूंनी बोटं फिरवून दाबला. चांगला बसला होता.

बाई बघत राहिल्या. हात लावावा की लावू नये असं त्यांचं चाललं होतं. मला वाटलं, रडतील. पण त्या म्हणाल्या, "असा न्हवता गं."

मी विचारलं, हाच ना, घारीचा? दुसरा होता का?

"हाच. पन सरल न्हवता." त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. मुलगा बिल्ला तिरका लावायचा. घाईत कसातरी चिकटवायचा आणि निघायचा. फोटो पाठवायचा तरी तसाच. बापाला ते खपत नसे. त्यांचं म्हणणं, सरकारने दिलेली वस्तू आहे, नीट लावावी. मुळात त्याने या नोकरीत जाणंच त्यांना नको होतं. घरची जमीन होती, एकुलता एक होता. तो नोकरीत गेलाच, मग दोघांचं बोलणं उरलं ते तेवढंच. सुट्टीला आला की हे म्हणायचे बिल्ला सरळ कर, आणि तो हसायचा, करायचा नाही.

मी बिल्ल्याची कड धरून तो सोलून काढला. त्या शांततेत पट्टीचा चर्रर्र असा मोठा आवाज झाला. दारातल्या माणसाने तेव्हा पहिल्यांदा आत वळून बघितलं.

मी बिल्ला पुन्हा ठेवला, या वेळी घारीचा एक पंख थोडा वर, एक थोडा खाली. बाईंनी मान हलवली, हो, असाच. मी दाबायला हात पुढे केला.

तेवढ्यात ते चपला दाराशी काढून आत आले. टेबलाशी येऊन उभे राहिले. पोशाखाकडे बराच वेळ बघितलं, मग माझा हात हलकेच बाजूला केला आणि आपल्या जाड बोटांनी बिल्ल्याची कड उचलली.

"अजून," ते म्हणाले. "याच्याहून तिरका व्हता."